सांधा दूरवरून कसा बदलतात? सॅन स्विचच्या नियंत्रणाचा इतिहास

१/ बीडच्या तहसील कार्यालयात शेतकरी सातबारा मागतो, तेव्हा तो उतारा आता तिथल्या दप्तरातून निघत नाही. दूरच्या सर्व्हरवरून येतो. वाटेत काही अडले, तर ते सोडवणारा हात कुठून आणि कोणत्या मार्गाने पोहोचतो? त्या मार्गाचा हा इतिहास. #थ्रेड

२/ सप्टेंबर १९४८पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होते. जमिनीची नोंद गावच्या पटवाऱ्याच्या बस्त्यात असे. नोंद जिथे, तिथेच तिचा राखणदार. १९८०च्या दशकाच्या अखेरीस निकनेटने जिल्हा मुख्यालये उपग्रहाने जोडली. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. नोंद आणि राखणदार यांच्यात अंतर पडले.

३/ मोठ्या डेटा केंद्रात सर्व्हर एकीकडे आणि माहिती साठवणाऱ्या डिस्क दुसरीकडे असतात. त्यांना जोडणारे जाळे म्हणजे स्टोरेज एरिया नेटवर्क, अर्थात ‘सॅन’. त्यासाठीच्या फायबर चॅनल पद्धतीला १९९४मध्ये अमेरिकी मानक संस्थेची मान्यता मिळाली. परळी वैजनाथच्या जंक्शनवर रुळांचे सांधे जे काम करतात, ते या जाळ्यात स्विच करतो: कोणती गाडी कोणत्या रुळावर.

४/ मग सांधेवाला कुठे उभा राहणार? पहिला पर्याय अगदी जुना: सिरियल केबल. स्विचशेजारी बसायचे, लॅपटॉप जोडायचा, सेकंदाला ९,६०० बिट या संथ गतीने आज्ञा द्यायच्या. गैरसोयीचा, पण नेटवर्क पूर्ण कोलमडले तरी चालणारा मार्ग. म्हणूनच तो आजही टिकून आहे.

५/ दुसरा पर्याय: स्विचला इथरनेटचे स्वतंत्र पोर्ट. माहिती फायबरने धावते, आज्ञा तांब्याच्या तारेने येतात. १९९५मध्ये स्थापन झालेल्या ब्रोकेड कंपनीचे स्विच कारखान्यातून १०.७७.७७.७७ हा पत्ता घेऊन येत. तो बदलायचा आणि दूरच्या खोलीतून टेलनेटने किंवा वेब पानावरून कारभार पाहायचा.

६/ तिसरा पर्याय: आज्ञाही त्याच फायबरवरून पाठवायच्या. जून १९९९च्या आरएफसी २६२५ या दस्तऐवजाने फायबर चॅनलवरून आयपी वाहून नेण्याची रीत ठरवून दिली. वेगळ्या तारेचा खर्च वाचला. पण ज्या रुळावर अपघात झाला, त्याच रुळावरून मदतगाडी आणायची, अशी ही व्यवस्था. जाळे तुटले की आज्ञेची वाटही तुटते.

७/ हा धडा टेलिफोनने आधीच शिकवला होता. अमेरिकेत एकेकाळी २,६०० हर्ट्‌झचा सूर लाइन मोकळी असल्याची खूण मानला जाई आणि तो बोलण्याच्याच लाइनवरून जाई. काही तरुणांनी तोच सूर वाजवून फुकट दूरचे फोन लावले. १९७६पासून एटी अँड टी कंपनीने संकेतांसाठी निराळा मार्ग वापरायला आरंभ केला. संभाषण एका वाटेने, नियंत्रण दुसऱ्या.

८/ वाट वेगळी झाली तरी तिच्यावर पहारा लागतो. टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा प्रवास करतो. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातील जाळ्यात पासवर्ड चोरले गेले, तेव्हा १९९५मध्ये तातू युलोनेन यांनी सांकेतिक स्वरूपात बोलणारे एसएसएच लिहिले. उपकरणांच्या देखरेखीच्या एसएनएमपी पद्धतीतही गुप्ततेची नीट सोय तिसऱ्या आवृत्तीत झाली. ती २००२मध्ये पूर्ण मानक ठरली.

९/ आणि ‘वेगळी वाट’ खरोखर वेगळी असावी लागते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले. नेहमीच्या मार्गासोबत आणीबाणीचा स्वतंत्र मार्गही चालेना. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा केंद्रात पाठवावे लागले. जगातील बलाढ्य कंपनीलाही शेवटी सांध्यापाशी चालत जावे लागले.

१०/ या अनुभवांतून आजची शिस्त घडली. सर्व स्विचची सिरियल पोर्टे एका कन्सोल सर्व्हरवर आणायची. त्याला मुख्य जाळ्यावर अवलंबून नसलेली लाइन द्यायची. व्यवस्थापनाची इथरनेट पोर्टे बंदिस्त जाळ्यात ठेवायची, टेलनेट बंद करायचे, कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा. आणि हा आडमार्ग गरज नसतानाही अधूनमधून चालून पाहायचा.

११/ बीडच्या रांगेतल्या शेतकऱ्याला यातले काहीच दिसत नाही. पीकविम्याची मुदत उद्या संपणार असते आणि खिडकीतून दोनच शब्द येतात: ‘सर्व्हर डाऊन’. दोष साठवणुकीच्या जाळ्यात असेल, तर खोळंबा काही मिनिटांचा की दिवसभराचा, हे पुष्कळदा त्या दुसऱ्या तारेवर ठरते. ती कोणी वेळेवर ओढली होती का, एवढाच प्रश्न उरतो.

१२/ पटवाऱ्याच्या बस्त्याला दुसऱ्या तारेची गरज नव्हती, कारण राखणदार शेजारीच होता. पण ते दप्तर जळाले वा भिजले तर दुसरी प्रतही सहसा नसे. दूर ठेवलेल्या नोंदीच्या अनेक प्रती ठेवता येतात, हा मोठा लाभ. राखणदाराचा हात तिथवर हमखास पोहोचेल अशी वाट बांधणे, ही त्या लाभाची किंमत. ती चुकवली नाही, तर मुदत शेतकऱ्याची हुकते. (समाप्त)