क्षेपणास्त्रविरोधी नौदलीय तोफांचा दारूगोळा

युद्धनौकेवर चालून येणारे क्षेपणास्त्र अखेरच्या टप्प्यात नष्ट करण्यासाठी शीघ्रगती तोफांमधून डागला जाणारा दारूगोळा म्हणजे क्षेपणास्त्रविरोधी नौदलीय दारूगोळा होय. तो साधारणतः २० ते ५० मिलिमीटर, म्हणजे मध्यम व्यासाचा असतो. नौकेची विमानविरोधी क्षेपणास्त्रे आणि शत्रूची दिशाभूल करणारी साधने निष्प्रभ ठरल्यास हा दारूगोळा संरक्षणाची शेवटची फळी ठरतो. भारतीय नौदलात या कामासाठी प्रामुख्याने ३० मिमी व्यासाची एके-६३० ही तोफ वापरली जाते. तिच्या दारूगोळ्याचे उत्पादन नागपूर येथेही होते.

पार्श्वभूमी

२१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या नौकांनी सोव्हिएत बनावटीच्या स्टिक्स क्षेपणास्त्रांनी इस्रायलची 'एलात' ही विनाशिका बुडवली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री भारतीय नौदलाने याच जातीच्या क्षेपणास्त्रांनी कराचीजवळ पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका बुडवली. लहानशी नौका मोठ्या युद्धनौकेला जलसमाधी देऊ शकते, हे या घटनांनी सिद्ध केले. त्यानंतरच्या काळात सोव्हिएत संघाची एके-६३०, अमेरिकेची २० मिमी फॅलँक्स आणि नेदरलँड्सची ३० मिमी गोलकीपर या तोफा सेवेत आल्या.

वेळेचे गणित

एके-६३० तोफेला सहा फिरत्या नळ्या असून ती मिनिटाला ४,००० ते ५,००० गोळे डागते. तिचा परिणामकारक पल्ला सुमारे ४ किलोमीटर आहे. समुद्रपृष्ठालगत सेकंदाला ३०० मीटर वेगाने येणारे क्षेपणास्त्र हे अंतर सुमारे १३ सेकंदांत कापते. सेकंदाला ८५० मीटर वेगाच्या क्षेपणास्त्राला पाच सेकंदही लागत नाहीत. गोळा लक्ष्यापर्यंत पोहोचेपर्यंत क्षेपणास्त्र पुढे सरकलेले असते. त्यामुळे रडारच्या साहाय्याने त्याचे पुढील स्थान ठरवून तेथे गोळ्यांचा वर्षाव केला जातो. तोफेवरील सुमारे २,००० काडतुसे सलग मारा केल्यास अर्ध्या मिनिटात संपतात.

रचना व प्रकार

काडतुसाचे कवच, प्रज्वलक, प्रणोदक दारू, गोळा आणि फ्यूज हे या दारूगोळ्याचे मुख्य घटक होत. एके-६३० च्या गोळ्याचे वजन सुमारे ३९० ग्रॅम असते. प्रत्येक काडतुसाची मापे आणि दारूचा दाब एकसारखा असणे अत्यावश्यक असते. एक सदोष काडतूस अडकले, तरी मारा खंडित होऊ शकतो.

* स्फोटक गोळा: लक्ष्यावर आदळताच फुटतो व त्याच्या तुकड्यांनी हानी करतो. एके-६३० मध्ये हाच प्रकार वापरला जातो.
* भेदक गोळा: यात स्फोटकाऐवजी जड धातूची शलाका असते. फॅलँक्समध्ये पूर्वी क्षीणित युरेनियमची शलाका असे. पुढे टंगस्टन वापरात आले.
* नियंत्रित स्फोटाचा गोळा: नळीतून बाहेर पडतानाच फ्यूजला स्फोटाची वेळ दिली जाते. ३५ मिमी 'अहेड' गोळा लक्ष्यासमोर फुटून टंगस्टनचे १५२ तुकडे विखुरतो.

नागपूर येथील उत्पादन

भारतात असा दारूगोळा दीर्घकाळ मुख्यतः सरकारी आयुध निर्माणींत तयार होत असे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलर समूहातील इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज लिमिटेड या नागपूरच्या कंपनीने एके-६३० साठीच्या ३० मिमी दारूगोळ्याचा पहिला साठा नौदलाला सुपूर्द केला. समूहाचे अध्यक्ष सत्यनारायण नुवाल यांच्याकडून नौदलाचे तत्कालीन उपप्रमुख व्हाइस ॲडमिरल एस. एन. घोरमडे यांनी तो स्वीकारला. भारतीय खासगी उद्योगाने संपूर्णपणे देशात तयार केलेला हा या प्रकारचा पहिला दारूगोळा होता. आराखडे, तपासणीची साधने आणि चाचण्या यांसाठी नौदलाने तांत्रिक साहाय्य केले. सराव आणि युद्ध या दोन्हींत या काडतुसांचा खप मोठा असल्याने देशांतर्गत पुरवठ्याला विशेष महत्त्व आहे.

मर्यादा

नौकेच्या अगदी जवळ फोडलेल्या क्षेपणास्त्राचे जळते अवशेष वेगामुळे पुढे येऊन नौकेवर आदळू शकतात. एकाच वेळी अनेक दिशांनी क्षेपणास्त्रे आल्यास एका तोफेला सर्वांचा समाचार घेणे अशक्य होते. म्हणून मोठ्या नौकांवर अशा अनेक तोफा बसवतात. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांवर चार एके-६३० तोफा आहेत.