कडी कोणी लावायची?

आज गोष्ट १२ मे २०१७ची. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांतले कॉम्प्युटर एकाएकी अडले. पडद्यावर धमकी आली: पैसे भरा, नाहीतर तुमच्या फाइली गेल्या! ‘वॉनाक्राय’ नावाचा हा व्हायरस दीडशे देशांत पसरला. इंग्लंडात हजारो पेशंटच्या तपासण्या, ऑपरेशनं रद्द झाली.

पण ऐका, ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. जवळजवळ दोन महिने उलटले, तरी कित्येक ठिकाणी ते घातलंच नव्हतं.

दवाखान्यातल्या नर्सबाईंचा यात काय दोष? ते काम कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांचं. आपल्या बचत गटात मात्र सांभाळणाऱ्या आपणच.

कुलूप कसं बनतं हे घरधनिणीला ठाऊक नसलं तरी चालतं. कडी लावायची आठवण तिलाच ठेवावी लागते. कॉम्प्युटरचंही तसंच. अपडेट मागितलं की ‘नंतर’ म्हणू नका. दर आठवड्याला हिशोबाची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलात, तर व्हायरस तिथंही पोचतो.

हे काम कुणाचं, ते येत्या बैठकीत ठरवा, आणि वहीत नाव लिहा.