पायाखालची जमीन

तर झालं असं. २०२४ च्या जुलैमधे एका सकाळी हे पेपर घ्यायला म्हणून गॅरेजमधून फाटकाकडे निघाले, आणि ओल्या जमिनीवर पाय सटकून पडले. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग व्यायाम, आणि त्यानंतरही डबा उघडायचा तर "जरा बघ गं" अशी हाक. नातेवाइकांना हे सगळं ठाऊक आहेच, फोनवर सांगून झालंय. एक गोष्ट मात्र मी फोनवर कुणाला सांगितली नव्हती. ज्या रंगावरून हे घसरले, तो रंग लावायचा हट्ट माझा होता.

२०१९ साली मी गॅरेजच्या कोब्याला हिरवा ऑइलपेंट लावून घेतला. करडा, डागाळलेला कोबा डोळ्यांना बरा दिसेना. रंग लावल्यावर दोन महिने काय सुरेख दिसलं म्हणता! मग गाडीच्या चाकांखाली पोपडे निघायला लागले. रस्त्यावरून तापून आलेले टायर रंगाला चिकटून बसतात आणि गाडी मागे घेताना पापुद्रा सोबत घेऊन जातात, हे मला नंतर कळलं. उरला तो रंग पावसाळ्यात शेवाळासारखा गुळगुळीत. पुढचं सांगितलंच.

"आता एकदाच एपॉक्सी करून टाक, आई," मुलगा म्हणाला. एक कंत्राटदारही घरी येऊन गेला. आरशासारख्या जमिनींचे फोटो दाखवून म्हणाला, "आजी, दहा वर्षं बघायला नको." चौतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला कुणी 'दहा वर्षं' असं म्हटलं की तिच्या मनात लगेच मागची दोन-तीन हजार वर्षं उभी राहतात. त्याला इलाज नाही :)

माझ्या लहानपणीची जमीन शेणाची. साताऱ्याजवळचं गाव, १९५०-६० चं दशक. खाली मुरूम, वर माती, पाणी शिंपून चोपण्याने बडवून घट्ट केलेली, आणि त्यावर सारवण. आई उकिडवी बसून, शेणकाल्यात हात बुडवून, अर्धगोल फिरवत मागे मागे सरकायची. वाळल्यावर जमिनीवर बोटांच्या रेघांची कमानी-कमानींची नक्षी दिसायची. ओल्या जमिनीवर पाय ठेवला की पाठीत धपाटा ठरलेला. दहाव्या वर्षापासून ते काम माझ्याकडे आलं. सारवलेल्या घराच्या वासाचं कौतुक आजकाल फार ऐकते. वास छान असायचा, खरंच. पण आठवड्याला एकदा सारं घर, सणाच्या आदल्या दिवशी पुन्हा, आणि थंडीत गार शेणात हात... ते कौतुक करणाऱ्यांनी एकदा करून पाहावं.

ही जमीन किती जुनी? शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे अनेक वर्षं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं आमच्या वेळी इतिहासाच्या शिक्षकांना पाठ असत. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं सापडली, कुडाच्या भिंती आणि चोपून केलेल्या मातीच्या जमिनी. एकदा हा धडा शिकवत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, तिथे सारवायचं कोण?" वर्ग हसला. मीही हसले आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळले. उत्तर मला येत नव्हतं, आणि हा प्रश्न इतिहासाचा आहे हेही तेव्हा सुचलं नव्हतं.

पाणी अडवायची हौस माणसाला त्याच्याही आधीपासूनची. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात घट्ट बसवलेल्या विटा जिप्समच्या चुन्यात जोडल्या होत्या, आणि टाकीच्या भिंतींमागे डांबराचा थर दिला होता. म्हणजे 'कोटिंग' हा शब्द नवा असला तरी कल्पना साडेचार हजार वर्षांची आहे. फक्त ती तेव्हा सार्वजनिक स्नानाच्या जागी वापरली गेली. सामान्य माणसाच्या घरात मातीच राहिली.

आमच्याकडे ती मोडली दगडाने. गुलबर्गा (आताचं कलबुर्गी) जिल्ह्यातल्या शहाबादचा चुनखडीचा दगड थराथराने निघतो, त्यामुळे त्याच्या फरश्या करणं सोपं. मुंबईहून सोलापूरमार्गे रायचूरकडे जाणारा लोहमार्ग १८७१ पर्यंत त्या भागातून पूर्ण झाला आणि हा जड दगड दूर न्यायची सोय झाली. पुढे महाराष्ट्रातल्या शाळा, वाडे, स्टेशनं, चाळी यांच्या पायाखाली शहाबादी आली. दुखणं एकच, चुनखडी आंबटाला भिते. लिंबू, चिंच, ताक सांडलं की डाग पडतो. गॅरेजमधे बॅटरीचं ॲसिड सांडलं तर विचारूच नका.

त्याच चुनखडीचं दुसरं रूप म्हणजे सिमेंट. १८२४ साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. पोर्टलंड हे तिथल्या एका नावाजलेल्या दगडाचं नाव. आपल्या मालाला दगडाची बरोबरी मिळावी म्हणून त्याने ते उसनं घेतलं. भारतात पोरबंदरच्या कारखान्यात १९१४ मधे उत्पादन सुरू झालं. पुढे शहाबादलाही सिमेंटचा कारखाना निघाला, म्हणजे एकाच गावाने आपल्याला फरशीही दिली आणि कोब्याचं सिमेंटही. श्रीमंतांच्या घरी नक्षीच्या सिमेंट टाइल्स असत. त्या आधी विलायतेहून येत. स्वदेशीच्या वाऱ्यात १९२२ साली मुंबईत भारत टाइल्सची कंपनी निघाली आणि तशा टाइल्स इथेच होऊ लागल्या. पायाखालच्या फरशीलाही स्वातंत्र्याची चळवळ लागली होती, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आता आमच्या गॅरेजकडे येते. हे घर सासऱ्यांनी १९८१ मधे बांधलं. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, दरावरही आणि वाटपावरही. घर बांधायचं तर सिमेंटसाठी अर्ज, शिक्के, हेलपाटे. सिमेंटचं वाटप इतकं कळीचं होतं की त्यावरून उठलेल्या वादळात महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना जानेवारी १९८२ मधे राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच महिन्यात केंद्राने नियंत्रण थोडं सैल केलं, आणि १९८९ मधे ते पूर्ण गेलं. पण आमच्या घराला ते उपयोगाचं नव्हतं. मागितली त्याहून कमी पोती मिळाली. आधी स्वयंपाकघर, मग माजघर, आणि सगळ्यात शेवटी स्कूटरची जागा, जिला आता आम्ही गॅरेज म्हणतो. तिथे उरल्यासुरल्या सिमेंटचा पातळ कोबा झाला.

कोबा घातला त्या दिवशीचे सासूबाईंचे शब्द मला आठवतात. गवंड्याने थापीने शेवटची घोटाई केली आणि त्या म्हणाल्या, "सुटले बाई मी." कोबा सात दिवस ओला ठेवायचा होता. मातीचे बांध घालून पाणी भरायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. जन्मभर सारवणाऱ्या बाईने त्या करड्या सिमेंटकडे जसं पाहिलं, तसं मी दागिन्याकडेही कुणाला पाहताना पाहिलेलं नाही. आणि तोच कोबा मला अडतीस वर्षांनी बरा दिसेना म्हणून मी त्यावर हिरवा रंग फासला!

असो. आता एपॉक्सीबद्दल. त्याचा इतिहास शोधला तेव्हा मला मोठी गंमत वाटली. पिएर कास्तां या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात हे रेझिन तयार केलं, आणि तो शोधत होता दातांच्या कवळीसाठी साहित्य! १९३८ मधे त्याने पेटंटचा अर्ज केला. पुढे सीबा कंपनीने त्यावरून अ‍ॅराल्डाइट बाजारात आणलं, जे आपल्या सगळ्यांच्या कपाटात असतं. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली याने त्याच सुमारास याचे रंग आणि लेप केले. म्हणजे माझ्या तोंडात जे जायचं, ते पायाखाली आलं.

एपॉक्सी वाईट नाही, हे आधी सांगते. दोन घटक मिसळायचे, ते आपसात जोडले जाऊन कडक जाळं होतं. तेल, ॲसिड, घासणं, सगळं ते सोसतं. कारखान्यांत आणि दवाखान्यांत ते उगाच वापरत नाहीत. पण त्याच्या अटी आहेत. उन्हात ते पिवळं पडतं. दारातून ऊन येत असेल तर वर पॉलीयुरेथेनचा हात हवा. गुळगुळीत केलं तर पाण्याने निसरडं होतं, म्हणून वाळूसारखे कण टाकावे लागतात. नवीन काँक्रीट असेल तर निदान अठ्ठावीस दिवस थांबावं लागतं. आणि मुख्य म्हणजे खालून ओल येत असेल तर वरचा लेप कितीही महाग असो, तो फुगून सुटतो. लेप वरून पाणी अडवतो, पण खालून येणाऱ्या वाफेला वाट मिळत नाही.

ओल आहे की नाही हे पाहायची एक साधी युक्ती आहे, ती कुणीही घरी करावी. दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवायचा, चारी कडा टेपने घट्ट चिकटवायच्या आणि निदान सोळा तास हात लावायचा नाही. मी दिवाळीनंतर, पाऊस संपल्यावर, हा प्रयोग केला. रंग निघून गेलेल्या जागेवर संध्याकाळी प्लॅस्टिक चिकटवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उचललं तर आतून थेंब, आणि खालचा कोबा काळसर. सासऱ्यांच्या कमी पडलेल्या पोत्यांचा तो पातळ कोबा, खाली मुरूम आणि जमिनीतली ओल. कंत्राटदाराला दाखवलं. त्याने मान खाली घातली आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "मग नको, आजी." फोटो दाखवण्याआधी त्याने हे पाहायला हवं होतं, पण 'नको' म्हणणारा माणूस भेटला हेही खूप.

म्हणून आम्ही ठरवलं की श्वास कोंडेल असं काही लावायचं नाही. हिरवा रंग खरवडून, तारेच्या ब्रशने घासून काढला. खालून खिळ्याने कोरलेला '१९८१' हा आकडा निघाला, आणि शेजारी मांजराच्या पावलांचे चार ठसे. ओल्या कोब्यावरून गेलेलं ते मांजर आणि त्यामागे धावलेल्या सासूबाई, दोन्ही मला दिसले. भेगा भरून घेतल्या. वरून सिलिकेटचं द्रावण दिलं. हे जमिनीवर बसत नाही, आत मुरतं आणि सिमेंटमधल्या चुन्याशी मिळून कडक होतं. धूळ सुटायची थांबते आणि ओलीलाही वाट राहते. चमक नाही. तेलाचे डाग पूर्ण अडत नाहीत, म्हणून गाडीखाली जुनं परात ठेवते. आणि जिथे हे पडले, त्या दाराजवळच्या तीन फुटांत जुना कोबा फोडून नवीन, खरबरीत करून घेतला.

तो करताना गवंड्याने थापी फिरवली आणि सोबतच्या बाईंना खराटा दिला. सिमेंट अर्धवट घट्ट झाल्यावर त्यावर खराट्याने रेघा ओढायच्या असतात, म्हणजे पाय सटकत नाही. त्या बाई उकिडव्या बसल्या आणि रेघा ओढत मागे मागे सरकू लागल्या. मी दारात उभी होते. मला क्षणभर काही बोलता येईना.

चहा देताना विचारलं, "सारवण करता का हो घरी?" त्या हसल्या. "नाय बाई, घरकुलात टाइला हायेत. आईच्या घरी केलंय लई." मग तळहात चोळत म्हणाल्या, "हितलं काम बरं. पैसं मिळत्यात ह्याचं."

बाकावरच्या त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला इतक्या वर्षांनी मिळालं. टिकाऊ जमीन कुठली, असं आपण विचारतो तेव्हा आपल्याला खरं तर विचारायचं असतं की यापुढे कुणाला वाकावं लागणार नाही, अशी कुठली? तशी जमीन मला इतिहासात सापडली नाही. मातीला आई वाकली, कोब्यावर पाणी भरायला सासूबाई वाकल्या, आणि आज त्या बाई वाकल्या; फरक एवढाच, की त्यांना मजुरी मिळाली. माझ्या आईचा हिशेब कुणीच केला नाही, मीसुद्धा नाही.

२०२५ चा पावसाळा त्या रेघांवरून गेला. हे रोज सकाळी पेपर घ्यायला जातात. मी अजून दारात उभी राहून त्यांचे पाय बघते, आणि त्यांना ते कळतं. परवा म्हणाले, "अगं, पडत नाही मी. जा, चहा टाक."

तुमच्या घरी लहानपणी कुठली जमीन होती, आणि ती कोण करायचं, जरूर कळवा.