बोहारीण, दादांचे धोतर आणि आपले गेट

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीचा इतिहास' लिहायला सांगितला, तेव्हा मी आधी जुनी मिनिट्स बुके काढून बसलो. पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेयन्स, पार्किंग हे विषय आपले सध्याचे सेक्रेटरी माझ्यापेक्षा चांगले लिहितील. चाळता चाळता २००९ सालच्या एका ठरावावर नजर थांबली. फेरीवाले, भंगारवाले आणि बोहारणी यांना आवारात प्रवेश बंद. खाली सेक्रेटरी म्हणून सही माझी. त्या ठरावाच्या मागची आणि पुढची हकीकत इथे लिहितो. हाही इतिहासच आहे, फक्त जुन्या कपड्यांचा आहे.

२००० साली आम्ही लालबागच्या चाळीतून इथे मुलुंड पूर्वेला राहायला आलो. नवीन ब्लॉक, नवीन कपाटे, तेव्हा जुनी ट्रंक नको असा हट्ट माझाच. ट्रंकेत आईची लुगडी होती. दोन इरकली, एक काळी चंद्रकळा, एक नारायणपेठी, बाकी रोजची सुती नऊवारी. तळाशी दादांची धोतरे. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.

तिसऱ्याच आठवड्यात बोहारीण आली. जिन्यात टोपली उतरवून बसली. एकेक लुगडे उजेडात धरून बघे, काठावरून नख फिरवी आणि नाक मुरडी. वीस मिनिटांत व्यवहार झाला. स्टीलच्या पाच डब्यांचा सेट आला. मी बँकेतला माणूस, तेव्हा घासाघीस करून वर चहाची गाळणीही काढली. केवढा अभिमान वाटला होता त्या गाळणीचा! आई एवढेच म्हणाली, "दादांचा कोरा जोड तरी ठेवायचा होतास. त्यावर शिक्का होता." मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. २००४ साली आई गेली.

शिक्क्याचे महत्त्व आजच्या मुलांना सांगायला हवे. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली आणि १८५६ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. पुढे परळ, लालबाग, भायखळा गिरण्यांनी भरून गेले, आपल्याजवळच्या कुर्ल्यात टाटांची स्वदेशी मिल आली. दादा परळच्या फिनले मिलमध्ये घडी खात्यात होते. विणलेले, धुतलेले कापड शेवटी तिथे येई. त्याची घडी घालायची, माप बघायचे, टोकावर गिरणीच्या नावाचा शिक्का मारायचा. ते म्हणत, "विणणारे हजार, पण नाव आम्ही लावतो." फिनलेच्या मलमलीला तेव्हा बाजारात मान होता.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप आला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. दादा त्याच्या आधी दोन वर्षे निवृत्त झाले होते, पण माझे थोरले बंधू संपात होते आणि ते पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. १९८३ साली सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचा कारभार हाती घेतला, त्यात फिनलेही होती. तरी गिरणगाव काही पूर्वीसारखे उभे राहिले नाही. गिरण्यांच्या जागी आज काय आहे ते आपण लोअर परळला उतरलो की बघतोच. म्हणजे आता दादांच्या हातचे काही बघायचे म्हटले, तर जुन्या कापडावरच. आणि ते मी गाळणीच्या बदल्यात देऊन बसलो होतो.

२०११ साली मी निवृत्त झालो आणि मुलीकडे इंग्लंडला गेलो. तिने एका दुकानात नेले. लोकांनी दान दिलेले कपडे, पुस्तके, कपबशा तिथे विकायला ठेवतात आणि पैसा धर्मादाय कामाला जातो. ऑक्सफॅम नावाच्या संस्थेने अशी दुकाने दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू केली आणि आता तिथे गावोगावी ती दिसतात. एक म्हातारी बाई जुन्या पडद्याचा तुकडा हातात घेऊन अशी हसत होती की जणू हरवलेली बांगडी सापडली. मुलगी म्हणाली, "बाबा, हे म्हणजे आपल्या बोहारणीचं दुकान." मी हसलो खरा, पण त्या रात्री झोप लागली नाही. दादांचे धोतर असेच कुणाच्या तरी हातात असेल का?

परत आल्यावर शोध सुरू केला. शुक्रवारी पहाटेच्या लोकलने भायखळा, तिथून चालत दोन टाकी. तिथे उजाडायच्या आत जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. हातात बॅटरी घेऊन लोक ढीग उपसत असतात. नंतर मटन स्ट्रीटवरचा चोर बाजार. आमच्या सौ.ना वाटे, निवृत्तीने माझ्या डोक्यावर परिणाम झाला. मी आणलेले प्रत्येक फडके त्या चिमट्याने उचलून थेट बादलीत टाकत.

पण त्या ढिगाऱ्यात जी मजा आहे, ती सांगून कळायची नाही. शंभर पॉलिस्टरच्या साड्या बाजूला साराव्यात आणि एकदम बोटांना खरे सूत लागावे! हळूहळू मला कळू लागले. धागा जाळला की सुताला कागद जळल्याचा वास येतो, रेशमाला केस जळल्याचा आणि पॉलिस्टर वितळून त्याचा मणी होतो. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. म्हणूनच कित्येक जुने शालू-पैठण्या काठ कापून भट्टीत गेल्या. चांदी तेवढी उरली. पैठणीचा काठ उलटा करून बघावा, दोन्हीकडून नक्षी जवळजवळ सारखीच दिसते. दोन वर्षांत मला एक फाटके इरकल मिळाले, एक खणाची चोळी मिळाली. शिक्क्याचे धोतर मात्र नाही.

२०१३ च्या पावसाळ्याआधी एकदा मी बाजार करून येत होतो. आपल्या गेटच्या बाहेर, विजेच्या खांबाखाली, एक बोहारीण गाठोडे सोडून बसली होती. आत सोडत नाहीत म्हणून ती तिथे बसे आणि आपल्या बिल्डिंगमधल्या बायका खाली उतरून तिच्याशी व्यवहार करत. म्हणजे माझ्या ठरावाने इतकेच झाले होते, की तिच्या डोक्यावरचे छप्पर गेले. मी सवयीने वाकून कपडे बघू लागलो. ती म्हणाली, "काका, डोळ्यांनी नाय, हातानी बघा."

मग मी तिथेच फुटपाथवर बसलो. तिने सांगितले, हे काम तिच्या सासूचे, त्याआधी आजेसासूचे. कुटुंब मूळचे काठेवाडातले. ज्यांना आपण वाघरी म्हणतो ते स्वतःला देवीपूजक म्हणतात, हेही तिच्याकडूनच कळले. सासू चिनी मातीच्या बरण्या आणि कपबशा देई, मग स्टील आले, आता लोक प्लॅस्टिकचे टब मागतात. घेतलेला कपडा ती धुते, उसवलेला शिवते, इस्त्री करते आणि बाजारात विकते. तो मजुराच्या अंगावर जातो. अगदीच फाटके सुती असेल तर त्याच्या चिंध्या होतात आणि गॅरेजमध्ये, छापखान्यात यंत्रे पुसायला जातात. लोकरीचे कपडे पार पानिपतला पोचतात, तिथे पिंजून त्यांची पुन्हा ब्लँकेटे होतात. आपण फेकले असे म्हणतो, पण तिच्या हातून काहीच फुकट जात नाही.

बोलता बोलता माझ्या हाताला मऊ, पातळ, जुने सूत लागले. धोतराचा अर्धा पाना. उलगडला तर एका कोपऱ्यात फिकट निळी अक्षरे. 'फिनले' एवढे वाचता येत होते, पुढचे धुऊन गेले होते. ते आमचे नव्हते, हे मलाही माहीत होते. आमचा जोड कोरा होता. पण हा शिक्का घडी खात्यातूनच गेलेला. दादांनी मारला असेल किंवा त्यांच्या शेजारच्या माणसाने. पाय मुडपून मी तिथे किती वेळ बसलो, वॉचमनला विचारा.

किंमत विचारली तर ती म्हणाली, "पन्नास द्या." मी घासाघीस केली नाही. उलट तिला विचारले, २००० साली आमच्याकडून लुगडी नेली ती तूच का? ती हसली. "काका, किती सोसायट्या, किती आज्या. कसं आठवणार?" खरे आहे. आठवण ठेवण्याचे काम माझे होते, तिचे नव्हते.

तो तुकडा आता फ्रेममध्ये आहे. सौ.नी तो बादलीत टाकला नाही. स्वतः थंड पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून दिला. ज्यांना बघायचा असेल त्यांनी केव्हाही घरी यावे, चहा मिळेल. गाळणी तीच आहे.

आता मुद्द्याचे. रौप्यमहोत्सवी वर्षात मी कमिटीकडे दोन लेखी विनंत्या दिल्या आहेत. पहिली, महोत्सवाच्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये आपापल्या घरचे जुने कापड मांडावे. आजीची गोधडी, लग्नातला शालू, शाळेचा गणवेश, काहीही. शेजारी चिठ्ठीवर लिहावे की कोणाचे आणि कधीचे. पंचवीस वर्षे आपण एका जिन्यात राहतो, पण कोण कुठून काय नेसून आले हे एकमेकांना ठाऊक नाही. दुसरी, २००९ चा ठराव दुरुस्त करून महिन्यातल्या एका रविवारी सकाळी बोहारणीला ओळखपत्र बघून आत, पार्किंगच्या शेडखाली बसू द्यावे. सुरक्षेची काळजी मला समजते, ठराव मीच लिहिला होता. सर्वसाधारण सभेत दुरुस्तीचा सूचक मीच असेन, अनुमोदक हवा आहे.

आणि कपडे खाली नेण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा. त्यांनी "त्यावर शिक्का होता" असे काही म्हटले, तर हातातले काम ठेवून नीट ऐका.