साकळलेल्या रक्ताचे माप आणि मृत्यूचे भाकीत

१/ १२ एप्रिल १९४५. जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट एका चित्रकर्तीसमोर बसले असता त्यांच्या डोक्यात भयंकर कळ आली आणि त्यांची शुद्ध हरपली. रक्तदाब ३०० वर १९०. त्याच दुपारी त्यांचे निधन झाले. कारण नोंदले गेले मेंदूतील रक्तस्राव. शवविच्छेदन मात्र झाले नाही. त्या मेंदूत किती रक्त सांडले आणि कोठे, हे कोणीच पाहिले नाही.

२/ पाहणार तरी कसे? शाफहाउझेन या स्विस नगरीतील वैद्य योहान याकोब वेप्फर यांनी १६५८ साली शवविच्छेदनांच्या आधारे दाखवून दिले होते की, झटक्याने कोसळलेल्या काही रुग्णांच्या मेंदूत रक्त सांडलेले असते. पुढची तीन शतके हे ज्ञान बव्हंशी मृतांपुरतेच राहिले. जिवंत रुग्णाच्या उशाशी डॉक्टर उलटी, बेशुद्धी, ताठरलेली मान यांवरून तर्क करीत. फार तर पाठीतून पाणी काढून त्यात रक्त दिसते का, ते पाहत. लहान रक्तस्राव तर रक्तवाहिनी तुंबल्याचा झटका म्हणून खपून जाई.

३/ १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. यंत्र गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे, सोबत क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स अँब्रोज. हाउन्सफील्ड नोकरीला होते ईएमआयमध्ये; होय, तीच कंपनी, जिच्या एचएमव्ही रेकॉर्डींवर आपल्या आजोबांनी नाट्यसंगीत ऐकले. चित्र अवघे ८० बाय ८० चौकटींचे. पण ताजे रक्त त्यात पांढरेशुभ्र उठून दिसे.

४/ जे दिसते ते मोजता येते. सिनसिनाटीचे जोसेफ ब्रॉडरिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये १८८ रुग्णांचा अभ्यास मांडला. साकळलेले रक्त ६० मिलिलिटर वा अधिक आणि रुग्ण खोल बेशुद्धीत, तर तीस दिवसांत ९१ टक्के मृत्यू. ३० मिलिलिटरपेक्षा कमी आणि शुद्ध बरी, तर १९ टक्के. १९९६ मध्ये रश्मी कोठारी आणि सहकाऱ्यांनी मोजणी आणखी सुलभ केली: डागाची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि दोनाने भागायचे. मिनिटभराचे काम.

५/ २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लॉड हेम्फिल यांनी शुद्धीची पातळी, रक्ताचे आकारमान, ते मेंदूच्या पोकळ्यांत शिरले का, उगम खालच्या भागात आहे का आणि वय ८० च्या पुढे आहे का, यांची सांगड घालून शून्य ते सहा गुणांची श्रेणी रचली. त्यांच्या १५२ रुग्णांत शून्य गुणांचा एकही दगावला नाही. तीन गुणांचे ७२ टक्के दगावले, चार गुणांचे ९७ टक्के. गणित देखणे खरे. तरी हे आकडे मला नेहमीच अस्वस्थ करतात.

६/ कारण त्याच वर्षी सिअ‍ॅटलच्या कायरा बेकर आणि सहकाऱ्यांनी एक अडचणीचा प्रश्न विचारला. हे रुग्ण नेमके कशाने मरतात? त्यांच्या पाहणीत मृत्यूशी सर्वांत घट्ट नाते निघाले ते उपचारांचा आधार काढून घेण्याच्या निर्णयाशी. स्कॅन पाहून डॉक्टर म्हणत, आशा नाही, नातलग मान हलवीत, श्वसनयंत्र काढले जाई, रुग्ण जाई. हा मृत्यू त्याच आकडेवारीत जमा होई आणि पुढच्या रुग्णाचे भाकीत अधिक काळे होई. भाकीतच स्वतःला खरे करून घेत होते.

७/ विशेष म्हणजे २००४ मध्ये खुद्द हेम्फिल यांनीच कॅलिफोर्नियातील रुग्णालये तपासली. हृदय थांबल्यास पुन्हा चालू करू नये, असा आदेश जेथे लवकर व वारंवार दिला जाई, तेथे इतर घटक जमेस धरूनही मृत्यू अधिक होते. स्वतःच्या मोजपट्टीच्या गैरवापराची शक्यता स्वतःच तपासणारे संशोधक विरळाच.

८/ २०१० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी सांगितले: असा नवा आदेश रुग्णालयातील किमान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत लांबवावा, तोवर पूर्ण उपचार करावेत. २०२२ च्या सूचनांनी जोडले: केवळ गुणांकनावरून एखाद्या रुग्णाचे भवितव्य ठरवू नये. तीच श्रेणी आजही वापरात आहे.