गळ्याची गाठ आणि बारीक सुई

गाठीला सुई लावली की ती चेतते आणि अंगभर पसरते, अशी समजूत आपल्या आळीत आजही ऐकू येते. भगिनींनो, ही भीती केवळ अडाण्यांची असे मात्र समजू नये. एके काळी मोठमोठ्या सर्जनांनाही तीच वाटत असे. थायरॉईडच्या गाठी पुरुषांपेक्षा आपल्याच वाट्याला अधिक येतात, म्हणून हा इतिहास सांगण्याचे मी योजिले आहे.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधील हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० साली गाठीतील अंश सुईने शोषून तपासण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांची सुई १८ गेजची, म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची. पण सुईच्या वाटेने कर्करोग पसरेल ही धास्ती, आणि चार सुट्या पेशींवरून निदान कसे करावे ही शंका. त्यामुळे अमेरिकेत ती फारशी रुजली नाही. तुकडाच हवा म्हणणाऱ्यांनी सिल्व्हरमन यांची १९३८ सालची जाड सुई पत्करली. तुकडा चांगला मिळे. परंतु ही ग्रंथी रक्ताने भरलेली, शेजारी श्वासनलिका आणि आवाजाची नस! रक्तस्रावाचे भय राहिलेच.

खरी वाट स्वीडनने दाखविली. स्टॉकहोमच्या आइनहॉर्न व फ्रान्झेन यांनी १९६२ साली थायरॉईडसाठी बारीक सुईची पद्धत मांडली. सुई साध्या इंजेक्शनसारखी. टाके नकोत, इस्पितळात राहणे नको. मला विशेष वाटते ते हे, की तेथे पेशी तपासणारा डॉक्टरच रुग्णाची मान चाचपून सुई टोची आणि काचही स्वतःच पाही. अमेरिकेने ही रीत १९७० नंतरच्या दशकात मनापासून स्वीकारली. बारीक सुईने रोग पसरल्याची उदाहरणे अतिशय विरळ आहेत. माझ्या गळ्यात सुई गेली तेव्हा "आवंढा गिळू नका" एवढेच बजावले होते. तेच सर्वांत अवघड गेले!

तरी ही सुई सर्वज्ञ नव्हे. काही गाठींत रोगाने गाठीचे आवरण फोडले आहे काय, हे पाहावे लागते. ते सुट्या पेशींत दिसत नाही, तेथे शस्त्रक्रियेवाचून उलगडा होत नाही. अमेरिकेत बेथेस्डा येथे २००७ साली भरलेल्या परिषदेतून निकालाचे सहा वर्ग ठरले. त्यांतील पहिला म्हणजे "पेशी अपुऱ्या". तो वाचून पुष्कळजणी हुश्श करतात. पण त्याचा अर्थ गाठ निर्दोष असा नसून, सोनोग्राफीत पाहत सुई पुन्हा घ्यावी असा बहुधा असतो. माझा पहिला कागद त्याच वर्गातला होता.