विजेची पुंगी

बोरिवलीची असो की मुलुंडची, वरात हॉलच्या दाराशी आली की गर्दीतून हाक येतेच, ‘नागीन होऊन जाऊ दे!’ बेंजो पार्टीतला कीबोर्डवाला मान हलवतो आणि सूर वळवळत वर चढतो. नवऱ्याचा एक मित्र रुमालाचं टोक दातांत धरून डोलायला लागतो, दुसरा गुडघ्यांवर बसून डोक्यावर तळहातांचा फणा काढतो. रुमाल म्हणजे पुंगी, हे कुणाला सांगावं लागत नाही. पण तो सूर कुठल्या पुंगीचा म्हणाल, तर त्याचं उत्तर गारुड्याकडे नाही. त्या सुराचं कूळ फ्रान्सचं आहे आणि तो जन्मापासूनच विजेवर चालतो.

क्लॅव्हिओलिन हे त्याचं नाव. कॉन्स्टाँ मार्तँ या फ्रेंच तंत्रज्ञाने १९४७ साली ते बनवलं. पियानोच्या कडेखाली बसवायचा तीन सप्तकांचा छोटा कीबोर्ड आणि वेगळ्या पेटीत अॅम्प्लिफायर व स्पीकर, एवढाच संसार. आत त्या काळच्या रेडिओत असत तसले व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचं सर्किट विजेची आंदोलनं तयार करी. कुठली पट्टी दाबली त्यावर त्यांचा वेग, म्हणजे सुराची उंची ठरे. समोरच्या बटणांनी त्या सुरातला काही भाग गाळायचा, काही ठेवायचा, थोडा कंप घालायचा, की तोच सूर कधी व्हायोलिनचा तर कधी तुतारीचा आव आणी. आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने ढकलायची दांडी. एका वेळी एकच स्वर वाजे. पुढच्या सिंथेसायझरचा हा गरीब, पण वडीलधारा नातेवाईक.

हे वाद्य मुंबईच्या उपनगराशी जोडलं गेलं ‘नागिन’ या चित्रपटामुळे. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमधून शशधर मुखर्जी, अशोककुमार आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि १९४३ मध्ये त्यांनी गोरेगावात फिल्मिस्तान उभं केलं. त्याच फिल्मिस्तानचा ‘नागिन’ १९५४ साली आला. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल, पडद्यावर वैजयंतीमाला आणि प्रदीपकुमार, संगीत हेमंतकुमार यांचं. हेमंतकुमारांच्या हाताखाली दोन तरुण होते. एक रवी, दुसरा कल्याणजी वीरजी शाह, गिरगावात किराणा दुकान चालवणाऱ्या कच्छी घरातला मुलगा. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन घेतलं, रवींनी हार्मोनियम, आणि दोघांनी मिळून चित्रपटाची बीन उभी केली.

खरी पुंगी वाद्यवृंदात बसवणं तसं अवघडच. भोपळ्याच्या पोटात मेणाने चिकटवलेल्या दोन नळ्या; एकीवर भोकं, तिच्यावर धून; दुसरीचा सूर मागे अखंड धरलेला. पट्टी बदलायची सोय नाही आणि सप्तकाच्या पलीकडे जायला फारशी जागाही नाही. क्लॅव्हिओलिनला ही अडचण नव्हती. शिवाय पुंगीचे दोन गुण त्याच्या अंगी आपसूकच होते. एक म्हणजे आवाजातला नाकातला, भुणभुणता चरचरीतपणा. दुसरा गुण जास्त महत्त्वाचा. गारुडी गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, सूर तुटू न देता वाजवतो. ही कला कमवायला त्याला वर्षं लागतात. यंत्राला मुळी श्वासच नव्हता, त्यामुळे तो तुटायचा प्रश्नही नव्हता.

गंमत अशी की सोबतची हार्मोनियमही मूळची पॅरिसचीच. दोन फ्रेंच पेट्यांनी मिळून अशी देशी पुंगी घडवली, की अवघ्या देशाला तीच खरी वाटली. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली, असं आपण म्हणतो. ही पुंगी मोडून खाण्याची वेळच आली नाही.

याच क्लॅव्हिओलिनचं तिकडे युरोपात काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. १९६२ मध्ये टेलस्टार हा दळणवळणाचा उपग्रह आकाशात गेला. लगोलग लंडनमध्ये जो मीक या निर्मात्याने त्याच नावाची धून तयार केली. द टॉर्नेडोज या बँडने वाजवलेली ही धून ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेली. तिच्यातला तो पुढे धावणारा सूर क्लॅव्हिओलिनचाच मानला जातो. तिकडे त्या आवाजाने अंतराळ दाखवलं, इकडे वारूळ.

हा फरक केवळ चवीचा नाही. युरोपात विजेचा आवाज सार्वजनिक रेडिओच्या प्रयोगशाळांत वाढला: १९५१ मध्ये कोलोन, १९५७ मध्ये वॉर्सा. कधीच न ऐकलेला आवाज शोधायचा, हे तिथलं काम. पोलंडच्या रेडिओने त्यासाठी खास स्टुडिओ काढला आणि पुढे त्या देशात सिंथेसायझरच्या लांबच लांब, तरंगत्या संगीताची परंपरा रुजली. आपल्याकडेही अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर बसवला गेला. पण ते काम संस्थेच्या भिंतींआडच राहिलं. मुंबईत मात्र विजेचा आवाज सिनेमाच्या दारातून आला, आणि बहुरूप्यासारखा ओळखीच्या वाद्याचं सोंग घेऊन आला. आपण त्याला परका म्हणून हटकलं नाही, कारण तो गारुड्याच्या वेशात होता.

सत्तरच्या दशकात वादक केरसी लॉर्ड यांनी सिंथेसायझर हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये आणला. मग १९८२ साली चरणजित सिंग या स्टुडिओ वादकाने एक विलक्षण तबकडी ध्वनिमुद्रित केली. जपानी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडून त्यांनी तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा परदेशी ऐकणारे चकित झाले. शिकागोच्या अॅसिड हाउस या यंत्रांवरच्या नृत्यसंगीताचा पहिला मोठा ठसा १९८७ चा; त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत कुणी असं वाजवलं कसं? खुद्द चरणजितजींना मात्र राग वाजवायचे होते. यंत्र नवं असलं तरी रूप ओळखीचंच होतं.

नावांचंही तेच झालं. १९१२ च्या सुमारास जपानात बनलेलं ताइशोगोतो इकडे येऊन बुलबुल तरंग झालं आणि लोकांनी त्याला बेंजो म्हटलं. आज पुष्कळ पार्ट्यांत त्याच्या जागी कीबोर्ड आहे, तरी पार्टी बेंजोचीच. आणि कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, विचारायचं मात्र ‘कॅसिओवर कोण आहे?’

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर गारुडी हळूहळू दिसेनासे झाले. गोरेगावचं फिल्मिस्तानही २०२५ मध्ये एका बांधकाम कंपनीने विकत घेतलं. वरातीत दातांत रुमाल धरणाऱ्या पोराने टोपलीतला नाग पाहिलेला नसतो, भोपळ्याची पुंगीही ऐकलेली नसते. तरी कीबोर्डवरचा पहिला सूर वळला की त्याचे खांदे आपोआप डोलायला लागतात. पुंगी म्हणून त्याच्या कानात जे आहे, ते कल्याणजींनी व्हॉल्व्हच्या पेटीवर वाजवलेलं सोंग.